जुनी रेकॉर्ड नक्की किती जुनी? प्रेसिंग ओळखायचं कसं

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी सहाशे रुपये मोजून एक एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, घेतली. ख्यालाची, कुत्रा छाप म्हणजे एचएमव्ही कंपनीची, कव्हर कडेने पिवळं पडलेलं, आणि विकणारे काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, साठ सालचा माल आहे, फस्ट प्रेस, परत दिसायचा नाही." मी तेव्हा या नादाला नुकताच लागलेलो, घासाघीस करायची लाज वाटली, घेऊन आलो. घरी चहा पिता पिता कव्हर उलटंपालटं करून बघतोय तर मागे खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कंपनीचा पत्ता: डमडम, कलकत्ता ७०० ०२८. आता गंमत अशी की सहा आकडी पिनकोड आपल्याकडे सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी नुसतं कलकत्ता २८, मुंबई ४, सदाशिव पेठ पुणे ३० असं लिहायचे, आजोबांची जुनी पत्रं काढून बघा. मग साठ सालच्या मालावर बारा वर्षांनंतरचा पत्ता आला कुठून?

काका खोटं बोलत नव्हते बरं का. गाणं साठ सालचंच होतं, फक्त माझ्या हातातली तबकडी साठ सालची नव्हती. या छंदातला निम्मा गोंधळ इथेच आहे. गाणं कधी रेकॉर्ड झालं, ते पहिल्यांदा बाजारात कधी आलं, आणि हा जो काळा प्लॅस्टिकचा गोल आपण हातात धरलाय तो कारखान्यातून कधी बाहेर पडला, या तीन वेगवेगळ्या तारखा आहेत आणि कव्हर तुम्हाला साधारण पहिल्या दोनच सांगतं. गोलात पी असलेली खूण आणि पुढे साल छापलेलं असतं ना, ते पण पहिल्यांदा प्रकाशित झाल्याचं साल, ते नंतरच्या प्रत्येक खेपेवर तसंच छापत राहतात. तिसरी तारीख शोधणं म्हणजेच प्रेसिंग ओळखणं.

प्रेसिंग म्हणजे काय ते आधी बघू. पेणचे गणपती कसे होतात माहितीये ना, कारागीर एक मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून साचा काढतात, साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. साचा नवा असतो तेव्हा सोंडेवरची नक्षी, मुकुटातले मणी सगळं कसं टोकदार येतं, आणि तोच साचा वापरून वापरून थकला की मणी बोथट व्हायला लागतात, मग मूळ मूर्तीवरून नवा साचा काढावा लागतो. रेकॉर्डचं सेम टू सेम हेच आहे फक्त पायऱ्या जास्त आहेत. टेपवरचं गाणं आधी एका मऊ लॅकरच्या तबकडीवर खोदतात, याला कटिंग म्हणतात आणि हे करणारा इंजिनिअर हा मूळ मूर्तिकार समजा. त्या लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात आणि सोलून काढतात, ती झाली मास्टर, उलटी, म्हणजे खाचेच्या जागी उंचवटा. मास्टरवरून परत निकेल चढवून काढली ती मदर, ही सुलटी. आणि मदरवरून काढला तो स्टॅम्पर, पुन्हा उलटा, हाच खरा साचा. दोन बाजूंचे दोन स्टॅम्पर, मध्ये लेबलं आणि गरम व्हिनाइलचा, म्हणजे त्या काळ्या प्लॅस्टिकचा, गोळा, वरून दाब, अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. एक स्टॅम्पर काहीशे ते दोनेक हजार रेकॉर्डी काढतो आणि मग बाद होतो. गाणं हिट झालं तर मदरवरून नवे स्टॅम्पर, मदर थकली तर मास्टरवरून नव्या मदर, आणि अगदीच काही वर्षांनी पुन्हा टेपवरून नवीन लॅकर कापतात, तेव्हा कदाचित इंजिनिअर पण दुसरा असतो आणि टेप पण म्हातारी झालेली असते.

म्हणून लोक पहिल्या प्रेसिंगच्या मागे लागतात. त्यात थोडा मिरवण्याचा भाग आहेच, मी नाही म्हणणार नाही, पण कानाला फरक कळतो हेही खरं. याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे लेड झेपलिन या रॉक बँडची दुसरी एलपी, १९६९ ची. तिचं पहिलं कटिंग रॉबर्ट लडविग नावाच्या तरुण इंजिनिअरने केलं आणि ड्रम-गिटारचा जोर असा ठासून भरला की कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मुलीच्या स्वस्तातल्या प्लेअरवर सुईच उडायला लागली. साहेब घाबरले, सगळ्यांच्याच घरी उडाली तर काय, म्हणून ते कटिंग मागे घेऊन आवाज दाबलेलं नवीन कटिंग बाजारात आणलं. ही गोष्ट लडविगनेच सांगितलेली आहे. आता दोन्ही रेकॉर्डींचं कव्हर तेच, गाणी तीच, फक्त आतल्या गुळगुळीत पट्टीत आर एल ही दोन अक्षरं कोरलेली दिसली की समजायचं पहिलं कटिंग, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

तर ही गुळगुळीत पट्टी. शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलच्या कडेपर्यंत जी मोकळी काळी जागा असते तिला डेड वॅक्स म्हणतात, रन-आऊट पण म्हणतात. दुकानात लोक कव्हर बघतात, मुरलेला माणूस तबकडी बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो आणि डोळे बारीक करून ही पट्टी वाचतो, लोकांना वाटतं चरे शोधतोय. मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा, वरून नाही, बाजूने, म्हणजे अक्षरांना सावली पडते. काही अक्षरं ठोकलेली असतात, सरळ रेषेत, आणि काही हाताने खरवडलेली, वाकडीतिकडी, ती इंजिनिअरने लॅकरवरच लिहिलेली असतात. इंग्लंडमध्ये जॉर्ज पेकहॅम नावाचा एक इंजिनिअर होता त्याचं टोपणनाव पोर्की, तो सरळ 'अ पोर्की प्राइम कट' असं लिहून ठेवायचा, म्हणजे चित्रकाराने कोपऱ्यात सही करावी तसं.

या पट्टीतला मुख्य नंबर म्हणजे मॅट्रिक्स नंबर. ईएमआय या ब्रिटिश कंपनीची पद्धत समजून घेतली की बरंच काही समजतं, आणि आपली एचएमव्ही याच घराण्यातली त्यामुळे ते उपयोगीही पडतं. साठच्या दशकातली ब्रिटिश बीटल्सची एलपी घ्या. मोनो (सगळा आवाज एकत्र) असेल तर मॅट्रिक्स एक्स-ई-एक्स ने सुरू होतो, स्टिरिओ (आवाज डाव्या-उजव्या बाजूंना वेगळा) असेल तर वाय-ई-एक्स ने. मग आकडा, मग आडवी रेघ आणि रेघेनंतर १, २, ३ असं काहीतरी. हा रेघेनंतरचा आकडा म्हणजे कितवं लॅकर. १ असेल तर पहिलं कटिंग. आता रेकॉर्ड घड्याळासारखी समोर धरा, मॅट्रिक्स नंबर सहाच्या जागी आणा, नऊच्या जागी एक सुटा आकडा दिसेल, तो मदरचा नंबर, आणि तीनच्या जागी एकदोन इंग्रजी अक्षरं दिसतील, तो स्टॅम्परचा नंबर. आकडा असून अक्षरं का, तर कंपनीने ग्रामोफोन लिमिटेड या नावातून दहा अक्षरांचा शब्द बनवला, जी आर ए एम ओ पी एच एल टी डी, आणि जी म्हणजे १, आर म्हणजे २ असं करत शेवटचं डी म्हणजे शून्य. आपल्याकडे व्यापारी लोक खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून डब्यावर अक्षरांत लिहून ठेवायचे ना, अगदी तसंच. म्हणजे जी-आर दिसलं तर बारावा स्टॅम्पर. रेघ १, मदर १, स्टॅम्पर जी असा पीस सापडला तर हात थरथरतो लोकांचा.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे एक गुंता आहे. परदेशी गाण्यांच्या ज्या रेकॉर्डी डमडमच्या एचएमव्ही कारखान्यात निघायच्या त्यांच्यासाठी पुष्कळदा लॅकर इथे कापायचेच नाहीत, लंडनहून मदर किंवा त्यासारखा धातूचा माल यायचा आणि इथे फक्त स्टॅम्पर काढून दाबायचे. त्यामुळे पट्टीत नंबर ब्रिटिश, लेबलवर मेड इन इंडिया. मॅट्रिक्स सांगतो मूर्ती कोणी घडवली, लेबल सांगतं साच्यातून कोणी काढली. दोन्ही वाचल्याशिवाय ओरिजिनल यूके प्रेस असं म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर जरा थांबा. उलट काही भारतीय प्रेसिंगना परदेशात जास्त भाव आहे. बीटल्सच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डी! इंग्लंडात साठच्या सुमाराला ७८ चा जमाना संपला, पण आपल्याकडे खेड्यापाड्यांत वीज नव्हती, चावीचे फोनो होते, त्यामुळे एचएमव्ही लाखेच्या ७८ काढत राहिली आणि त्यात पार्लोफोन लेबलवर बीटल्सही निघाले, नंबरच्या आधी डी-पी-ई अशी अक्षरं. चावी फिरवून बीटल्स ऐकायची सोय जगात फार थोड्या ठिकाणी होती. या रेकॉर्डींसाठी परदेशातले लोक वेडे आहेत, त्यामुळे कोणाच्या माळ्यावर लाखेच्या तबकड्यांची चळत असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लेबलं वाचून घ्या, एवढी विनंती.

एचएमव्हीच्या एलपीवरची नंबराआधीची अक्षरं पण बोलतात. ईएएलपी आणि ईसीएलपी असेल तर मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. हे उगाच नाही आलेलं, ब्रिटिश एचएमव्हीच्या एएलपी-एएसडी, सीएलपी-सीएसडी या मालिकांच्या पुढे ई लावलाय. म्हणजे एकाच गायकाच्या दोन एलपी समोर असल्या आणि एकीवर शेवटी एलपी, दुसरीवर एसडी, तर कव्हर न वाचताही कळतं की कुठली मोनो कुठली स्टिरिओ. आणि स्टिरिओ म्हणजे भारी हे डोक्यातून काढा. मुळात एका माइकवर मोनो रेकॉर्ड झालेलं गाणं नंतर विजेच्या करामतीने दोन बाजूंना वाटून स्टिरिओ म्हणून विकायची टूम एका काळात जगभर होती, त्यात आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. स्टिरिओ सर्रास सुरू झालं १९५८ नंतर, त्याआधीच्या गाण्यावर स्टिरिओ लिहिलेलं दिसलं तर माझ्या मनात पहिला संशय येतो.

तारखांचा असा साधा हिशोब कधी कधी सगळ्या नंबरांपेक्षा जास्त कामाला येतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची एलपी घ्या. मला एकाने 'त्यांच्या हयातीतली ओरिजिनल एलपी' म्हणून दाखवली होती. मिरजेच्या खाँसाहेबांचं निधन १९३७ मध्ये झालं. एलपी हा प्रकारच अमेरिकेत कोलंबिया कंपनीने आणला १९४८ साली. झालं, संपला विषय. खाँसाहेबांची कुठलीही एलपी ही नंतरची पुनर्मुद्रित प्रतच असणार, मूळ माल तो लाखेच्या ७८ चा, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. आणि त्या तीन मिनिटांत त्यांनी जे काय करून ठेवलंय ते ऐकायला पुनर्मुद्रित एलपी सुद्धा चालते, माझ्याकडे तीच आहे.

गीतरामायणाचं पण असंच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित झालं म्हणून लोक रेकॉर्डींचा संच पण पंचावन्नचाच समजतात. पण रेडिओवर वेगवेगळे गायक-गायिका होते, एलपीवर सगळं बाबूजींच्या आवाजात आहे, म्हणजे ते रेकॉर्डिंगच वेगळं आणि नंतरचं. विकणारा 'पंचावन्नचा ओरिजिनल' म्हणाला की मी नुसता हसतो आणि सुटी तबकडी आहे का पूर्ण संच आहे तेवढं बघतो.

सगळ्यात जुन्या लाखेच्या तबकड्यांमध्ये लेबलच पंचांगाचं काम करतं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा रेकॉर्डिंग करणारा गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गायिका गौहरजानचं रेकॉर्डिंग केलं, गाणं संपल्यावर ती ठसक्यात इंग्रजीत आपलं नाव सांगते ते ऐकलं असेल. लोकांना वाटतं हौस. काही नाही, त्या तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या माणसाला गाणं कोणाचं ते कळायचं कसं, म्हणून शेवटी नाव सांगायचं, मग लेबल बरोबर लागायचं. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८ मध्ये, डमडमचा त्यानंतर वीसेक वर्षांनी. त्यामुळे लेबलवर हॅनोव्हर दिसलं की वस्तू फार जुनी. लेबलवर कुत्र्याऐवजी लिहिणारा छोटा देवदूत दिसला तरी तेच, या तबकड्यांना संग्राहक लोक 'प्री-डॉग' म्हणतात, कुत्र्याच्या आधीच्या. आणि कंपनीच्या नावात ग्रामोफोनबरोबर टाइपरायटर असा शब्द असेल तर १९०७ च्या आसपास किंवा त्याआधीची, कारण मध्ये काही वर्षं ही कंपनी चक्क टाइपरायटर पण विकायची. या विषयात खोलात जायचं असेल तर मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, डॉ. सुरेश चांदवणकरांनी आयुष्य घातलंय त्यात.

आता जरा कव्हरच्या बाजूने बोलतो, कारण वर मी पिनकोडचं एवढं कौतुक केलंय. पिनकोड दिसला तर कव्हर १९७२ नंतरचं हे नक्की, पण पिनकोड नाही म्हणजे आधीचंच असं मात्र नाही, आणि मुळात कव्हरमध्ये तीच तबकडी आहे हे कोणी सांगितलं? आपल्याकडे तबकडी एकाची, कव्हर दुसऱ्याचं हे इतकं कॉमन आहे की मी आता दुकानात पहिल्यांदा तबकडी बाहेर काढून लेबलवरचा नंबर आणि कव्हरवरचा नंबर जुळतो का तेच बघतो. एकदा नाट्यसंगीताच्या कव्हरातून डिस्को निघाला होता. आणि नंबर जुळला तरी कारखान्यात जुनी कव्हरं शिल्लक असली की नव्या तबकड्या त्यातच घालायचे, त्यामुळे शेवटी साक्ष पट्टीची आणि लेबलची.

लेबल नीट बघा, त्यावर छापील मजकुरापेक्षा हाताने लिहिलेलं जास्त सांगतं कधी कधी. 'चि. सौ. कां. ला सप्रेम भेट' आणि खाली लग्नाची तारीख असली तर फुकटात पुरावा मिळाला, त्या दिवसाच्या आधीचीच तबकडी. याउलट जांभळ्या शाईचा शिक्का दिसला, अमुकतमुक साऊंड सर्व्हिस, मंडप व लाऊडस्पीकर, तर ती रेकॉर्ड खाली ठेवा. ती दहा गणपती, वीस लग्नं आणि शंभर सत्यनारायण वाजून आलेली आहे, खाचा राखाडी पडलेल्या असतात आणि वाजवली की गाण्याच्या आधी भजी तळल्याचा आवाज येतो. विकणारा तिला 'गुड कंडिशन' म्हणेल. रेकॉर्डच्या जगात गुड म्हणजे वाईट हे लक्षात असू द्या, वरून मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड आणि मग कुठे गुड. ऐकायला घ्यायची असेल तर व्हेरी गुड प्लसच्या खाली मी उतरत नाही, फक्त दुर्मिळ असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक, धुताना. व्हिनाइलवर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरातली रेकॉर्ड असेल तर हमखास, ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसली की जाते, लेबल ओलं करू नका. पण लाखेच्या ७८ ला स्पिरिट किंवा अल्कोहोलवालं काहीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिश करतात ते याच जोरावर. मी एकदा हुशारी करून सॅनिटायझरचा कापूस फिरवला होता एका ७८ वर, ती आता भिंतीवर टांगलीये, शोभेला. सुईचं पण लक्षात घ्या, ७८ ची खाच एलपीच्या जवळपास तिप्पट रुंद सुईसाठी केलेली असते, एलपीची सुई लावली तर ती तळात लोळत बसते आणि नुसती खरखर उचलते. कुठली तबकडी लाखेची हे ओळखायला नखाने टिचकी मारा, लाख कपबशीसारखी टणक वाजते आणि जड लागते, व्हिनाइल बद्द वाजतं आणि जरासं वाकतं. वाकवून बघू नका मात्र, लाख असली तर दोन तुकडे हातात येतील.

सहाशे रुपयांच्या त्या एलपीचं पुढे काय झालं तर ती चांगली वाजते, मी परत केली नाही. पण पुढच्या रविवारी काकांना पिनकोडची गंमत सांगितली. ते खूप हसले, म्हणाले चाळीस वर्षं धंदा करतोय, पत्ता बघून रेकॉर्ड घेणारा तू पहिलाच. महिनाभराने गेलो तर दोन ढीग केलेले, एक पिनकोडवाल्यांचा, एक बिनपिनकोडवाल्यांचा, आणि दुसऱ्या ढिगाचा भाव दुप्पट.